भोपळ्याला पहिली सुरी

काकू कशालाच घाबरत नसत. फिनान्झआम्टहून, म्हणजे इथल्या कर खात्याकडून आलेलं जाड पाकीट त्या मेथी निवडता निवडता फोडत. सत्तरीला टेकल्या तरी बर्फातून सायकलवर बाजाराला जात. तळघरात उंदीर निघाला तेव्हा इमारतीतले तीन धडधाकट पुरुष जिन्यात उभे राहून चर्चा करत होते आणि काकू झाडू घेऊन खाली उतरल्या होत्या. पण अख्खा भोपळा समोर आला की हीच बाई सुरी ओट्यावर ठेवून म्हणायची, "थांब गं, कोणीतरी पुरुष येऊ दे."

माझा वैताग इथून सुरू होतो.

पुण्यात कॉलेजच्या फाटकावर मी चार वर्षं पत्रकं वाटली. जर्मनीत डार्मश्टाटला शिकायला आले, विद्यापीठातल्या बायकांच्या गटात गेले, आणि पहिल्याच आठवड्यात तिथेही माझ्या हातात गठ्ठा आला. अशा मुलीला खोली मिळाली ती काकूंच्या घरात, छपराखालची, उतरत्या भिंतीची. काका औषधांच्या कंपनीत रसायनतज्ज्ञ होते. मी यायच्या वर्षभर आधी ते गेले. स्वयंपाकघरात खिडकीशेजारी त्यांचा फोटो होता आणि काकू त्याच्याशी 'अहो' करून बोलत. दूध उतू गेलं तर "अहो, सांगायचं नाही का!" म्हणून फोटोलाच रागावत.

तर भोपळा. अख्खा भोपळा बाईने कापायचा नाही. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, त्याच्यावर आईने सुरी कशी चालवायची? म्हणून पहिली सुरी पुरुषाने लावायची, मग बाईने त्याचे हवे तेवढे तुकडे करावेत, सोलावा, किसावा, उकडावा, तळावा, वाढावा. हे ऐकून माझं डोकं फिरलं. म्हणजे काम सगळं बाईचं आणि उद्घाटन पुरुषाचं! मी विचारलं, "काकू, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सासूबाईंनी."

"आणि त्यांना?"

"त्यांच्या सासूबाईंनी. एकीने दुसरीच्या हातात द्यायचं. तुझ्या पत्रकांसारखंच आहे, पुढारीणबाई."

मला त्या पुढारीणबाईच म्हणत. रागावल्या तरी, लाडात आल्या तरी. आवाजावरून ओळखायचं.

एरवी भोपळा महिन्या दोन महिन्यांनी एकदा येतो, तेवढा वाद झाला असता आणि संपला असता. पण काकूंच्या घरी ऑक्टोबरमध्ये भोपळ्यांची रांग लागायची, कारण काकू हॅलोविन साजरा करत. सदाशिव पेठेत वाढलेली, संकष्टी न चुकवणारी बाई खिडकीत कागदी सांगाडे लावायची! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भाषणच ठोकलं. आपला सण नाही, यांचाही धड नाही, दुकानांनी आणलेला आहे, नायलॉनची कोळिष्टकं एका संध्याकाळपुरती विकत घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकायची. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दिवाळीला मीराच्या शाळेला सुट्टी नसते."

मीरा म्हणजे त्यांची नात. मुलगी शर्वरी इंगोलश्टाटला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, जावई थॉमस तिथलाच. तिथे, बायर्न राज्यात, शाळांना शरदाची सुट्टी बरोबर हॅलोविनच्या आठवड्यात पडते. शर्वरी मीराला आणून सोडायची आणि आठवड्याने घेऊन जायची. वर्षात नात काकूंच्या हाताशी राहायची ती एवढीच. "ती येते तो माझा सण," काकू म्हणत. "नाव काय आहे त्याच्याशी मला काय करायचंय?"

आणि मग त्या सणात त्यांनी दिवाळी कोंबून भरली होती. बाल्कनीत आकाशकंदील असायचा, पण त्याला डोळे आणि दात कापलेले. दाराबाहेर रांगोळी असायची, पण कवटीची. तिच्याभोवती ठिपके मात्र सात ते सात मोजून. इमारतीचा कारभार बघणाऱ्यांनी जिन्यात रंग सांडू नये असं पत्र पाठवलं, तर काकूंनी उत्तरादाखल त्यांच्या ऑफिसात शंकरपाळ्यांचा डबा नेऊन दिला. पुन्हा पत्र आलं नाही. शंकरपाळ्याही भुताच्या आकाराच्या होत्या, करंजीच्या कातण्याने कापलेल्या, आणि भुतांना डोळे लवंगांचे. संध्याकाळी पाचलाच अंधार पडायचा आणि "झ्युसेस ओडर झाउरेस!" म्हणजे गोड द्या नाहीतर खोडी काढू, असं ओरडत शेजारपाजारची पोरं यायची. ती लवंग चावायची आणि त्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. मी म्हटलं, काकू, लवंग काढा. "भूत आहे, थोडं झोंबलं पाहिजे."

माझ्या भाषणाचा परिणाम झालाच नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठातून परतले तर बैठकीच्या खोलीभर जांभळी वटवाघळं टांगलेली. जवळ जाऊन पाहिलं. आमच्या गटाचं पत्रक जांभळ्या कागदावर छापलं होतं आणि उरलेला दोनशेचा गठ्ठा माझ्या खोलीबाहेर होता. 'घरकामही काम आहे' ही आमची मुख्य ओळ प्रत्येक वटवाघळाच्या दोन पंखांवर निम्मी निम्मी पसरली होती. मी किंचाळलेच. काकू कात्री चालवत म्हणाल्या, "विकतचं आणू नका म्हणालीस ना? मग घरातलंच वापरलं." मीरा शिडीवर उभी राहून दोरा बांधत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची जर्मनच. ती वरून म्हणाली की ही जगातली पहिली वटवाघळं आहेत जी वाचता येतात. त्या संध्याकाळी दोन आया खरोखर दारात थांबून, माना वाकड्या करून, वटवाघळं वाचत होत्या. विद्यापीठाच्या चौकात मी तीन तास उभी राहिले होते तेव्हा एकही बाई थांबली नव्हती. हे मला काकूंना सांगावं लागलं नाही. त्यांनी पाहिलं होतं.

पहिली सुरी सहसा खालच्या मजल्यावरचे हेर, म्हणजे श्रीयुत, क्रेमर लावत. साठीचे, एकटे, सुतारकामाची आवड असलेले. काकू आणि मीरा भोपळा घेऊन खाली जायच्या, बेल वाजवायच्या, क्रेमर ॲप्रन बांधूनच दार उघडायचे. सुरी लावून झाली की तेही वर यायचे, काकू जमिनीवर बसून विळीवर भोपळ्याचं झाकण काढायच्या, मीरा गर उकरायची, क्रेमर भोपळ्याला दात कोरायचे आणि गराचे घारगे व्हायचे. क्रेमर मोजून सहा खात.

एका वर्षी क्रेमर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होते. ओट्यावर तीन भोपळे बसलेले. तेवढ्यात बेल वाजली आणि काकू सुरीसकट दाराकडे धावल्या. पार्सल घेऊन आलेला माणूस समोर, आणि त्याच्यासमोर हातभर सुरी घेतलेली आजीबाई, "बिटे, बिटे, कृपा करून फक्त एकदा कापा!" असं म्हणत. त्याने पार्सल जिन्यातच ठेवलं आणि दोन दोन पायऱ्या उतरत पळाला. काकू कठड्यावरून वाकून ओरडत होत्या, "क्युर्बिस! अहो, भोपळा, भोपळा!" मीरा हसून हसून जमिनीवर लोळली. मी मात्र रागाने पार्सल आत आणून आपटलं. काकूंनी सुरी मागे लपवली आणि मीराला घेऊन पुढच्या इमारतीत माणूस शोधायला गेल्या. सापडला. येताना त्याला आणि त्याच्या बायकोलाही घेऊन आल्या. घारगे कमी पडले.

या सगळ्यात मीराचा समज असा की पहिली सुरी पाहुण्याची असते. काकूंनी तिला तसंच सांगितलं होतं. "कोणाला आणायचं?" हा त्या दोघींचा खेळ होता. मला ते सहन होत नव्हतं. खोटं सांगून का होईना, पण पोरीला त्याच साच्यात घालणं चाललं आहे असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

मीरा आठ वर्षांची झाली त्या साली तिने भोपळा पुढे ओढला आणि म्हणाली, "इख माख दास." मी करते. काकू म्हणाल्या, "नाही बाळा, आधी खाली जाऊन येऊ." मीरा म्हणाली, वर्गात तिने सुऱ्या वापरल्या आहेत, ती मोठी आहे. काकू म्हणाल्या, नाही. मीराने का विचारलं. काकू म्हणाल्या, पहिली सुरी पाहुण्याची. मीराने विचारलं, मग गेल्या वर्षी शेजारची लेना पाहुणी होती, तिला का नाही दिली?

काकूंच्या आधी मी बोलले. कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "कारण लेना मुलगी आहे, मीरा. तूही मुलगी आहेस. तुझी आजी, मी बाई आहे म्हणून, मलाही लावू देत नाही. या घरात भोपळ्याला पुरुषच लागतो."

मीराने काकूंकडे पाहिलं. काकूंनी नाही म्हटलं नाही. त्यांना खोटं बोलता आलं असतं, पण त्या बोलल्या नाहीत. मग मीरा खुर्चीवरून उतरली, आतल्या खोलीत गेली आणि तिने आईला फोन लावला. एक नोव्हेंबरला बायर्नमध्ये सुट्टी असते. शर्वरी दुपारी येऊन दारात उभी राहिली, बूटही न काढता. "आई, माझ्या वेळी ठीक होतं. पण तिला हे ऐकवायचं नाही. पुढच्या वर्षी आम्ही इथे पाठवणार नाही." काकू म्हणाल्या, "घारगे घेऊन जा." शर्वरी म्हणाली, "कशाचे? भोपळा कुठे कापलाय?"

खरंच. भोपळा तसाच होता. मीरा बॅग घेऊन जिना उतरली आणि आजीला हात करायला वळली नाही.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तीन दिवस मी स्वयंपाकघरात गेले नाही, बाहेर ब्रेड खाल्ला. चौथ्या दिवशी काकूंनीच हाक मारली. टेबलावर चहाचे दोन कप आणि मधे तो भोपळा. मी म्हटलं, "काकू, मी जे बोलले ते खरंच होतं."

"खरंच होतं. पण ते मी सांगायचं होतं."

पत्रकात याची जागा नसते.

मग त्या बोलायला लागल्या. चाळीस वर्षांपूर्वी या जिन्यात आल्या तेव्हा जर्मन एक शब्द येत नव्हता. काका सकाळी सातला जायचे, संध्याकाळी सातला यायचे. वर्षभर काकू इथल्या कोणाशी बोलल्या नव्हत्या. जिन्यात पावलं वाजली की दार लावून घ्यायच्या. शर्वरी पोटात होती, आणि डोहाळे लागले ते घारग्यांचे. काका परगावी, चार दिवस येणार नव्हते. बाजारातून भोपळा आणला आणि मग आठवलं, कापायचा कोणी? "एक दिवस वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी तोंडाला पाणी सुटून रडायला आलं बघ. म्हटलं जाऊ दे लाज. भोपळा कडेवर घेतला आणि खाली जाऊन बेल वाजवली. आयुष्यातली पहिली जर्मन बेल."

दार तरुण क्रेमरनी उघडलं. काकूंनी भोपळा दाखवला, मग सुरी, मग त्यांच्याकडे बोट केलं. क्रेमर आत जाऊन मोजपट्टी घेऊन आले. करवतीने भोपळ्याचे सारख्या मापाचे चौकोन करून दिले. दुसऱ्या दिवशी क्रेमरची आई केक घेऊन वर आली. तिसऱ्या दिवशी तिनेच काकूंना डॉक्टरकडे नेलं. शर्वरीच्या जन्माच्या वेळी काका पोहोचायच्या आधी हॉस्पिटलात क्रेमरची आई होती.

"तुझं सगळं पटतं मला," काकू म्हणाल्या. "सासूबाईंचं थोरल्या मुलाचं ते मी कधीच मानलं नाही. पण मला स्वतःला कापता आला असता ना, तर मी चाळीस वर्षं दार लावूनच बसले असते."

मी म्हटलं, "काकू, बेल वाजवायला नियम कशाला लागतो?"

"तुला नसेल लागत. तू फाटकावर उभी राहून अनोळखी माणसाच्या हातात कागद कोंबतेस. मला लागला."

मला पटलं का? नाही. माणसं जोडायची म्हणून बाईचा हात बांधून ठेवायचा हा कुठला न्याय? आणि पुरुषाचंच दार का, क्रेमरच्या आईचं का नाही? हे मी त्यांना तोंडावर म्हटलं. त्या म्हणाल्या, "हा मुद्दा बरोबर आहे," आणि चहा ओतला. अशा बाईशी भांडायचं तरी कसं!

वर्षभर काकूंनी मीराला फोन केले. मीरा 'हालो ओमा', म्हणजे हॅलो आजी, म्हणायची, शाळेचं विचारलं की 'गूट', छान, म्हणायची आणि फोन आईला द्यायची. सप्टेंबरात मी पाहिलं, काकूंनी कागदावर मोठ्या अक्षरांत जर्मनमध्ये काहीतरी लिहून ठेवलं होतं आणि तो कागद समोर धरून त्या फोनवर वाचत होत्या. चाळीस वर्षं इथे काढलेली बाई नातीशी बोलायला लिहून बसली होती. त्यात असं होतं: ओमा तुझ्याशी खरं बोलली नाही, ती तिची चूक. तू ये. पहिली सुरी कोणी लावायची ते तू ठरव. जे ठरवशील ते.

मीरा आली. शर्वरी या वेळी राहिली, बहुधा लक्ष ठेवायला. भोपळा ओट्यावर, क्रेमर काठी टेकत वर आलेले, मी दाराशी. सगळ्यांना वाटलं, मीरा स्वतःच सुरी उचलणार. मी तर टाळ्या वाजवायला हात तयार ठेवले होते. मीराने सगळ्यांकडे नीट पाहिलं, शिक्षिकेसारखं, आणि म्हणाली, "ओमा. डू." आजी, तू.

"मी? अगं, मी नाही, मी कशी..."

मीरा जर्मनमध्ये म्हणाली, मी ठरवायचं असं तू म्हणालीस.

काकूंनी सुरी हातात घेतली. चाळीस वर्षांत भाजीपाल्याच्या गाड्यांच्या गाड्या त्या हाताने चिरल्या होत्या. भोपळ्यावर सुरी टेकवली आणि काकू थांबल्या. खिडकीशेजारच्या फोटोकडे वळून म्हणाल्या, "अहो, जरा तिकडे बघा." आणि दाबली. सुरी अर्ध्यात अडकली. क्रेमर पुढे झाले, तर मीराने हात आडवा केला. काकूंनी दोन्ही हातांनी जोर लावला आणि भोपळा कर्रकन उघडला. मीराने आजीच्या कमरेला मिठी मारली ती सोडेचना, काकूंना सुरी ठेवायलाही जागा देईना.

मी वाट पाहत होते, आता काकू काहीतरी म्हणतील. काहीतरी मला पत्रकावर छापता येईल असं. काकूंनी भोपळ्याच्या दोन वाकड्यातिकड्या भागांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "छे! यापेक्षा हेर क्रेमरच बरं कापतात."

पुढच्या उन्हाळ्यात काकू इंगोलश्टाटला शर्वरीकडे राहायला गेल्या. विळी नेली, फोटो नेला, जांभळी वटवाघळंही खोक्यात घालून नेली. निघताना मला करंजीचं कातणं दिलं. म्हणाल्या, "तुझ्या पत्रकांच्या कडा तरी नीट काप."

मला ड्युसेलडॉर्फला नोकरी लागली. पाचव्या मजल्यावर एक खोली, एका मजल्यावर चार दारं, आणि बेलवर फक्त आडनावं. तिथल्या पहिल्याच ऑक्टोबरात मी भोपळा आणला, ओट्यावर ठेवला आणि कोणालाही न विचारता कापला. पहिली सुरी मी लावली, हे इथे नमूद करते. दोन मिनिटांत काम झालं. मग पूर्ण संध्याकाळ उरली, आणि एका माणसासाठी तीस घारगे. त्यातले बावीस मी ऑफिसात नेले. लोकांनी ईमेलवर आभार मानले.

या वर्षी पुन्हा भोपळा आणला. सुरी काढली. मग बराच वेळ ओट्याशी उभी राहिले, स्वतःवरच चिडत. शेवटी भोपळा कडेवर घेतला आणि समोरच्या दाराची बेल वाजवली. मनात म्हटलं, निदान बाई तरी असू दे. दार उघडलं ते एका दाढीवाल्या पुरुषाने. नशीबच असं. सुरी मी पाठीमागे धरली होती, पार्सलवाल्याचा प्रसंग मी विसरलेले नाही.

"या, बिटे?" तो म्हणाला, म्हणजे हो, काय हवंय?

मी म्हटलं, "कापणार मीच आहे. तुम्ही फक्त धरा."